शिंपल्याला कान नसतो

आमच्या मेहुण्याला कामधंदा नाही, असे कोणी म्हणाले तर मी भांडायला उठेन. धंदे पुष्कळ आहेत. नाही ते उत्पन्न. आजवर त्याने कोरफड लावून पाहिली, सफेद मुसळी लावून पाहिली, ईमू पाळले, कडकनाथ कोंबड्या पाळल्या. ईमूंपैकी शेवटचा २०१२ साली कुंपण ओलांडून कामशेतच्या दिशेने गेला आणि परत आला नाही. मेहुणा राहतो नाणे मावळात. मावळात पवन मावळ आहे, आंदर मावळ आहे. पण हा नेमका नाणे मावळातला. नावातच नाणे असल्यावर आणखी कमवायचे कशाला, असा त्याच्या घराण्याचा विचार असावा.

मी लोणावळ्याच्या शाखेत कारकून. बी. कॉम. झाल्यापासून मला जगातल्या सगळ्या गोष्टी 'जमा' आणि 'नावे' अशा दोनच रकान्यांत दिसतात. मेहुणा कोणत्या रकान्यात, हे सांगायला नको.

एका रविवारी, पाऊस धो धो कोसळत असताना, तो दारात उभा राहिला. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा त्याच्याच अंगावरून आमच्या बैठकीच्या खोलीत आला. हातात झाकण लावलेली बादली. हिने टॉवेल आणला.

"टॉवेल ऱ्हाऊ दे ताई. आधी यात हात घाल."

ईमूचे अंडे फुटल्यापासून ही भावाच्या कुठल्याच भांड्यात हात घालत नाही. म्हणून मी घातला. हाताला गुळगुळीत, थंड, दगडासारखे काहीतरी लागले, आणि त्या दगडाने हळूच तोंड मिटले.

"शिंपला!" मेहुणा म्हणाला. "दाजी, मोती काढायचा. शेततळं रिकामंच पडलंय."

शेततळे खरेच रिकामे होते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली तेव्हा मेहुण्याने मागितले होते. मागायचे पुढे काय करायचे, हे योजनेत लिहिलेले नसल्यामुळे त्यात आजवर शेजारच्या म्हशी डुंबत होत्या.

"आणि साधे शिंपले न्हाईत हे, दाजी. सुधारित! जलद वाढीचे! निवड पद्धतीनं तयार केलेले." त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चकचकीत माहितीपत्रक काढले. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन तो आला होता. फी नऊ हजार, जेवणासह. त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण तिचा फोन पुढे कधी लागला नाही.

माहितीपत्रकात एक आकडा लाल शाईत होता : दर पिढीला वाढीत सतरा टक्के सुधारणा. तो पाहून माझ्यातला बँकवाला दचकला. आम्ही लोकांना मुदत ठेवीवर सात टक्के देताना हात आखडतो आणि इथे हा शिंपला सतरा टक्के देतो म्हणतो! मेहुण्याने तर चक्रवाढ मांडूनच ठेवली होती. त्याच्या हिशेबाप्रमाणे पाच वर्षांत शिंपला परातीएवढा आणि मोती लिंबाएवढा होणार होता. "नथीत कसा घालायचा?" एवढाच प्रश्न हिने विचारला.

रात्री मी वाचायला बसलो. मला वाचनाची हौस आहे असे नाही, पण मेहुणा काहीही नवे काढतो तेव्हा शेवटी सही माझी लागते, हा अनुभव आहे. वाचता वाचता पहिली गोष्ट कळली ती ही, की तो सतरा टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता. फक्त तो शिंपल्याचा नव्हता, माशाचा होता! भुवनेश्वरजवळच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने १९९२ पासून रोहू माशावर निवड-पैदाशीचे काम केले आणि १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, 'जयंती' रोहू बाहेर आणला. त्याची वाढ दर पिढीला सतराएक टक्क्यांनी सुधारत गेली. माहितीपत्रकवाल्याने रोहूची टक्केवारी शिंपल्याच्या खात्यावर जमा केली होती. आमच्याकडे असे झाले तर चौकशी बसते.

मोत्याच्या शिंपल्यावर निवडीचे काम झाले नाही असेही नाही. झाले, पण ते बरेचसे समुद्राच्या शिंपल्यावर, आणि मुख्यतः जपान-चीनकडे. जपानात मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात पहिला अर्धा मोती पिकवला, त्यानंतर ही मंडळी त्या शिंपल्याच्या मागे हात धुऊन लागली. आपल्याकडे तुतिकोरिनला १९७३ साली पहिला संवर्धित मोती निघाला आणि १९८१ साली मोत्याच्या शिंपल्याची पिल्ले हौदात जन्मली. पिल्ले आपल्या हातात आल्याशिवाय निवड करता येत नाही. तोवर समुद्र देईल ते घ्यायचे.

निवड करतात कशी, ते मला फार आवडले. पाणी थोडे कोमट केले की शिंपल्यांना लग्नाची आठवण होते. एकेक मादी लाखो अंडी पाण्यात सोडते, नरही आपला वाटा पाण्यातच सोडतो, आणि पुढचे पाणी बघून घेते. ना मांडव, ना मानपान. पिल्ले तीनेक आठवडे पोहून मग कुठेतरी चिकटतात आणि जन्मभर हलत नाहीत (आमच्या शाखेतही असे काही आहेत). मग एकाच दिवशी जन्मलेली, एकाच हौदातली, एकच खुराक खाल्लेली पिल्ले मोजायची. त्यातली भराभर वाढलेली बाजूला काढायची. त्यांचीच पुढची पिढी घ्यायची. पुन्हा मोजायची. शेजारी न निवडलेल्यांची एक तुकडी ठेवायची, म्हणजे वाढ रक्तातून आली की खुराकातून, ते कळते. यात एक मोह असतो. एकाच मादीला लाखो पोरे होतात, तर चारदोन आईबापांवर भागवावे, कशाला जास्त पोसा? पण तसे केले की दोनतीन पिढ्यांत हौदातले सगळे एकमेकांचे सख्खे-चुलत निघतात आणि वंश रोडावतो. १९९६ च्या सुमारास जपानचे शिंपले रोगाने ढिगांनी मेले, तेव्हा त्यांनाही बाहेरून, चीनकडून स्थळे आणावी लागली.

शिवाय मोत्याच्या संसारात दोन शिंपले लागतात. एकाच्या अंगातला चिमूटभर पडदा कापून, मण्यासकट दुसऱ्याच्या पोटात बसवायचा. रंग येतो तो तुकडा देणाऱ्याचा. जागा, खाणेपिणे आणि त्रास दुसऱ्याचा. जलद वाढ हवी ती या दुसऱ्यात, म्हणजे त्याच्या पोटात मोठा मणी मावतो. घरजावई ठेवणाऱ्या सासऱ्याची निवड कशी करावी, याचे याहून शास्त्रीय विवेचन मी वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याला विचारले, "हे सगळं खाऱ्या पाण्यातलं. लोणावळ्याला समुद्र कुठाय? आपल्याकडे मुंबईची माणसं येतात शनिवार-रविवारी, समुद्र येत नाही."

"गोड्या पान्यातले बी असत्यात. हे नदीतलेच हैत," तो म्हणाला.

"मग हे सुधारित कसे? यांची निवड कोणी केली?"

"संस्थेनं. मोठे मोठे येचून दिलेत."

मी डोक्याला हात लावला. नदीतून मोठे शिंपले वेचणे म्हणजे जलद वाढीचे वेचणे नव्हे, म्हातारे वेचणे! जो दहा वर्षे चिखलात बसलाय तो मोठाच असणार. आमच्या बँकेत इतकी वर्षे बढत्या याच तत्त्वावर झाल्या, त्यामुळे हा घोटाळा मला चटकन कळला. सेवाज्येष्ठता वेगळी आणि लायकी वेगळी. कोण जलद वाढला हे सांगायला जन्मतारीख लागते, आणि नदीतल्या शिंपल्याकडे जन्माचा दाखला नसतो.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची निवड-पैदास अवघड जाते याला आणखी एक कारण आहे. यांची पिल्ले मोकळी पोहून मोठी होत नाहीत. आईच्या पोटातून निघाली की ती माशाच्या कल्ल्याला नाहीतर परांना चिकटतात, तिथे काही दिवस फुकट राहतात आणि मग तळाशी उतरतात. भाडे नाही, पागडी नाही. म्हणजे शिंपल्याची पैदास करायची तर आधी घरमालक मासा सांभाळा. हे ऐकून मेहुण्याचा चेहरा उजळला. "वळवणला टाटांचं मत्स्यकेंद्र हाय की! महसीरची पिल्लं काढत्यात तिथं कितीतरी सालं." वळवणला १९७० च्या दशकापासून महसीर वाढवतात, हे खरेच आहे. पण नद्यांतून नाहीशा होत चाललेल्या त्या खानदानी माशाच्या कल्ल्यात आपले शिंपले भाड्याने ठेवा, असे सांगायला जाणाऱ्या माणसाचा मेहुणा म्हणून मला ओळख द्यायची नव्हती.

इतके सांगूनही शुक्रवारी तो बँकेत आला. कर्ज हवे होते.

आमच्याकडे म्हशीला कर्ज देतात. म्हशीचा विमा उतरवतात, तिच्या कानाला नंबराचा बिल्ला मारतात, आणि म्हैस मेली तर तो बिल्ला हजर करावा लागतो. साहेबांनी मेहुण्याचा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सहाशे नग," ते म्हणाले. "तपासणीला आम्ही आलो तर मोजायचे कसे? पाण्यात आहेत. बाहेर काढले तर मरतील म्हणता. उघडून बघितले तर नक्कीच मरतील. आणि बिल्ला कुठे मारायचा?"

मेहुणा विचारात पडला. शिंपल्याला कान नसतो ही अडचण प्रशिक्षणात कोणी काढली नव्हती.

मला वाटले, संपले. पुढच्या सोमवारी माझ्या खिडकीसमोर सासूबाई उभ्या. कामशेतहून लोकलने आलेल्या, पदर घट्ट, हातात लाल फडक्याची पुरचुंडी. त्यांच्यामागे मेहुणा, जमिनीकडे बघत.

"जावईबापू, सोन्यावर देत्यात ना पैसं?"

पुरचुंडीत दोन पाटल्या होत्या आणि नथ होती. ती नथ आमच्या हिच्या पणजीची. सात मोती, त्यातले सहा बसऱ्याचे. सातवा तीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या गर्दीत निखळला, तिथे जत्रेतला प्लॅस्टिकचा मणी बसवलेला. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. मेहुण्याच्या मुलीचे लग्न आज ना उद्या निघणार, तेव्हा नथ तिला जायची, हेही ठरलेले.

मी म्हणालो, "आई, एकदा विचार करा." त्या म्हणाल्या, "केलाय. पोरगं धा वेळा पडलंय. आकराव्यांदा उभं ऱ्हायचं म्हनतंय, तर म्या बसा म्हनू?"

सोन्याची पारख करणाऱ्याने नथ काट्यावर ठेवली. एकूण वजन आठ ग्रॅम. मोती वजा. निव्वळ पाच ग्रॅम. नियमच आहे तो. सोन्याच्या कर्जात खडा-मोती जमेस धरत नाहीत. फॉर्मवर मीच लिहिले : 'मोती सात, मूल्य शून्य.' बसऱ्याचे सहा आणि जत्रेतला एक, सातहीजण एका ओळीत. मोत्यांच्या शेतीसाठी मोती गहाण पडत होते आणि त्यांची किंमत मी माझ्या अक्षरात शून्य लिहीत होतो. पेन चांगले चालत होते, एवढे आठवते.

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मेहुण्याने दाताच्या डॉक्टरकडची जुनी हत्यारे मिळवली होती. शिंपला जेमतेम सेंटिमीटरभर उघडायचा. जास्त ताणला तर स्नायू फाटून मरतो. तेवढ्या फटीतून पडदा सोडवून बीज आत सरकवायचे. बहुतेकांत संस्थेने दिलेले गणपतीचे साचे होते. मूर्तीवर शिंपला मोत्याचा थर चढवतो आणि वर्ष-दीड वर्षाने मोत्याचा गणपती निघतो. काहींत गोल मणी. जे शिंपले बारीक, मागे पडलेले, त्यांची मेहुण्याने वेगळी जाळी केली आणि तिला 'नापासांची जाळी' नाव दिले. सुनेने, म्हणजे त्याच्या बायकोने, हात बसावा म्हणून त्यांच्यावर गोल मण्यांचा सराव केला आणि ती जाळी तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, सावलीत, सोडून दिली.

तिथून पुढे आकडे उतरत गेले. सहाशेचे महिन्याभरात चारशे दहा. आमच्या भागातले पाणी पावसाचे, त्यात चुना कमी. कवच बांधायला शिंपल्याला चुना लागतो. म्हणून तळ्याला चुना लावावा लागला. "चुना आपन लावायचा का?" मेहुण्याने विचारले. मी म्हणालो, "आता तेवढा एकच उरलाय लावायचा. बाकीचा संस्थेने लावला." पहिल्यांदाच तो माझ्या विनोदावर हसला नाही. पावसाळा संपला तेव्हा दोनशे साठ होते.

मधे एका रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. सासूबाईंनी भात वाढला. वाफेबरोबर असा काही वास आला की मी पानावर तसाच बसून राहिलो.

"इंद्रायणी?" मी विचारले.

"इंद्रायनी विकायला. ह्यो घरचा, आंबेमोहर. एक खाचर ठेवलंय."

इंद्रायणी तांदूळ आमच्या मावळातलाच. वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली निघाला. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी देतो. इंद्रायणी बुटका, उभा राहतो, भरपूर पिकतो, आणि वासही बाळगतो. मावळातल्या किती घरांवर त्याने स्लॅब टाकला, हे माझ्या खिडकीतून मला दिसलेले आहे. त्यामुळे त्याच्याविषयी मी वावगे ऐकून घेणार नाही. मी तसे म्हणालोही.

"त्ये खरंच," सासूबाई म्हणाल्या. "पोरींची शिक्षनं इंद्रायनीवर झाली. पन वास बघा."

मी वास बघितला आणि आणखी भात घेतला. मेहुणा खाली मान घालून जेवत होता. त्याच्या बोटांना जखमा होत्या, शिंपल्याच्या कडेच्या.

नोव्हेंबरात, तेरा महिन्यांनी, शिंपले उघडले. जिवंत निघाले एकशे एकाहत्तर. त्यांतून गणपती निघाले अडतीस, आणि गणपती म्हणून ओळखू येतील असे अकरा. एकाच्या सोंडेवर थरच चढला नव्हता. एकाला सोंडा दोन. परत विकत घेण्याची हमी संस्थेची होती, पण फोन म्हणे अस्तित्वातच नव्हता. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीवाल्याने दोन ठेवून घेतले आणि किलोभर चिक्की दिली. हा या व्यवसायातला आजवरचा एकमेव व्यवहार.

कर्जाची मुदत एकदा वाढवून घेतली होती, ती डिसेंबरात भरली. नोटिसा संगणक काढतो आणि पाकिटात मी भरतो. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात एक पाकीट सासूबाईंच्या नावाचे निघाले : अमुक दिवसांत रक्कम न भरल्यास दागिन्यांचा लिलाव करण्यात येईल. मी बावीस वर्षांत अशी किती पाकिटे चिकटवली असतील! ते एक मला चिकटेना. दुपारी मी माझी मुदत ठेव मोडली. मोटारसायकलसाठी ठेवली होती. मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का व्याज कापून घेतले, तेही माझ्याच हाताने. पुरचुंडी घरी आणली तेव्हा ही काही बोलली नाही. रात्री उगाच शिरा केला.

नथ परत घेताना ती पुन्हा काट्यावर गेली होती. आठ ग्रॅम. मोती वजा. पाच.

भाचीचे लग्न वैशाखात ठरले. चैत्रात तळ्याचे पाणी उतरले आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एक जाळी गाळातून वर आली. नापासांची. दोन हिवाळे तिची कोणाला आठवण नव्हती. आत चौदा शिंपले जिवंत होते, बोटाएवढेच, वाढ म्हणून काही नाही. मेहुण्याने ते टाकून द्यायला काढले, पण सून म्हणाली, "माज्या हातचे हायेत. मी उघडनार." तेरांत काही नव्हते. चौदाव्यात ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा एक मोती होता.

जपानी लोक मोती डिसेंबर-जानेवारीत काढतात, हे मी तेव्हा वाचलेले होते. पाणी गार झाले की शिंपला मंदावतो, थर पातळ आणि सारखे बसतात, एका केसाच्या जाडीत शंभरावर, आणि त्यानेच पाणी चढते. भराभर वाढीने मोती मोठा होतो. तकाकी थंडीत येते. आमच्या नाणे मावळातली थंडी माणसांनाही मंद करते, तिने या नापासाला दोन वर्षे मंद ठेवले होते. मी हे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात सासूबाई तो मोती घेऊन घरात गेल्या होत्या.

तळेगावच्या सोनाराने प्लॅस्टिकचा मणी काढून त्याच्या जागी तो बसवला.

लग्नात नवरीच्या नाकात नथ बघून ही मला म्हणाली, "ओळखा बघू, यातला आपल्या तळ्यातला कुठला." मी चष्मा सावरून, बँकेतल्या माणसाला शोभेल अशा आत्मविश्वासाने, बोट दाखवले. तो बसऱ्याचा निघाला. मेहुणा मागे पाहुण्यांना अत्तर लावत उभा होता. त्याने तिकडे न पाहताच सांगितले, "वरनं तिसरा, दाजी. डावीकडं जरा वाकडा हाय त्यो."